काटदऱ्यांचे चाळीस शिपाई

एका जंगलात वाघाचे राज्य होते. निदान वेशीवरच्या पाटीवर तसे लिहिले होते. प्रत्यक्षात राज्य अर्जांवर चाले. पाणवठ्याला अर्ज, शिकारीला अर्ज, आणि शिकार झाल्यावर वारसांचा अर्ज.

त्या जंगलात, मुलांनो, काटदरे नावाचे एक साळिंदर राहत होते. त्यांनी दरबारात तीस वर्षे टपाल फोडले. जन्मभर दुसऱ्यांचे हुकूम वाचले. निवृत्त झाल्यावर त्यांना वाटले, आता आपणही एखादा हुकूम सोडावा. बायको ऐकेना. म्हणून त्यांनी सैन्य ठेवायचे ठरवले.

त्यांनी सुतारपक्ष्याकडे अर्ज केला. "लढाईच्या खेळासाठी लाकडी शिपाई, उंची एक वीत, नग चाळीस."

महिन्याने शिपाई आले. एकेक शिपाई काटदऱ्यांच्या नाकाला लागत होता.

"अरे, मी वीतभर म्हटलं होतं!"

"वीतभरच आहेत," सुतारपक्षी म्हणाला. "सरकारी वीत अस्वलाची धरतात. तुमची हवी असेल तर तसं अर्जात लिहायचं."

काटदऱ्यांनी पोचपावतीवर सही केली. असल्या चुकीसाठी त्यांनी स्वतः शेकडो अर्ज परत पाठवले होते.

त्यांचे बीळ दोन खोल्यांचे. पत्नी वेणूबाई यांचे दिवस भरत आले होते. मागची खोली बाळंतपणासाठी राखून ठेवली होती. तिथे आता पायदळ उभे राहिले.

"अहो, हे परत करा."

"सैन्य परत करायचं? त्याला माघार म्हणतात, वेणू."

शेजारच्या बिळातले बिळगीकर, जातीने घूस, शत्रू व्हायला आनंदाने तयार झाले. वीस शिपाई इकडे, वीस तिकडे. नियम असा की एका डावात शिपायाने एक वीत पुढे जायचे. मधली मोकळी जागा मोजली, तर एकच वीत भरली. पहिल्याच डावात दोन्ही सैन्यांची नाके एकमेकांना टेकली. मागे भिंत होती.

"आपल्या युद्धात माघार नाहीच!" बिळगीकर छाती फुगवून म्हणाले.

"जागाच नाही," वेणूबाई म्हणाल्या.

काटदरे वळले की त्यांच्याच काट्यांनी त्यांचेच चार शिपाई पडत.

"वादळ आलं," काटदरे म्हणत.

"वादळाचा नियम नाही, काटदरे. धारातीर्थी पडले म्हणा."

या मुद्द्यावर युद्ध चार दिवस तहकूब होते.

साळिंदराला रोज लाकूड कुरतडावे लागते, नाहीतर दात वाढतात. घरात चाळीस शिपाई होते, आणि वेणूबाई मुळ्या शोधत रानभर हिंडत होत्या.

"अहो, मागची खोली कधी मोकळी होणार?"

"निर्णायक लढाई तिथेच आहे."

"वहिनी," बिळगीकर अदबीने म्हणाले, "नागरिकांनी तूर्त सुरक्षित स्थळी जावं."

वेणूबाई करवंदीच्या जाळीखाली गेल्या. तिथेच त्यांना दोन पिल्ले झाली. युद्ध चालू असल्याने त्यांची दखल घेता आली नाही.

आठव्या दिवशी भरदुपारी तरस आले. वेणूबाई पिल्लांना पुढे घालून बिळाकडे धावल्या. दारात राखीव फौज उभी होती.

"अहो, वाट द्या! तरस आलंय!"

"थांब, थांब! आत येऊ नकोस, व्यूह मोडेल!"

"डाव कोणाचा आहे?" बिळगीकरांनी विचारले.

"माझा."

"मग वहिनींना पुढच्या डावात घ्या."

वेणूबाई डावासाठी थांबल्या नाहीत. त्यांनी पिल्लांना शिपायांच्या पायांमधून आत ढकलले, तरसाकडे पाठ करून सगळे काटे उभे केले, दोन पावले मागे सरकल्या आणि तशाच काट्यांनिशी बिळात शिरल्या. तरसाने नाक पुढे केले होते. त्यात तीन काटे रुतले. तरस केकाटत पळाले.

बिळात चाळीसही शिपाई आडवे झाले.

बिळगीकरांनी पडलेले शिपाई दोनदा मोजले.

"अनिर्णित," अखेर बिळगीकर म्हणाले. "बाहेरच्या व्यक्तीचा हस्तक्षेप झाल्यामुळे."

दरबारात अहवाल गेला. काटदऱ्यांच्या आघाडीवर तरसाचा पराभव झाला, म्हणून त्यांना शौर्यपदक मिळाले. बिळगीकरांना उदार शत्रू म्हणून शाल मिळाली. वेणूबाईंचा उल्लेखही अहवालात होता. 'हानी: शिपाई चाळीस. कारण: पत्नी.'

काटदरे पदक लावून घरी आले. मागची खोली मोकळी होती. खाली भुशाचे मऊ अंथरूण होते. त्यावर वेणूबाई बसल्या होत्या, आणि दोन पिल्ले उरलेल्या एका शिपायाचा, म्हणजे सेनापतीचा, एकेक पाय कुरतडत होती.

"अगं, माझा सेनापती!"

"सागवानी आहे. दोन दिवस पुरेल." वेणूबाईंनी वर पाहिले. "आणि ते पदक कशाचं आहे हो? लाकडाचं असेल तर इकडे आणा."

तात्पर्य: शिपाई मागवताना वीत कोणाची, हे अर्जात स्पष्ट लिहावे. बाकी या गोष्टीत कोणाचेच काही चुकलेले नाही.