मुक्तीचे जेवण

कर्ज माणसाला एकटे पाडते, असे जाणकार सांगतात. जाणकार सान तेल्मोला गेलेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. समुद्रापारच्या त्या वाडीत दर शनिवारी दुपारी तीन वाजता, बास्केटबॉलच्या मैदानावरच्या पत्र्याखाली, चौदा कर्जदार बायका चौदा प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून एकमेकींना आधार देतात. (खुर्च्या भाड्याच्या. भाडे तीन महिने थकलेले.)

संस्थेचे नाव ‘ऋणमुक्ती सोबतीण मंडळ’. अध्यक्ष बेनिग्ना, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळ्या ‘आते’ म्हणतात. आते म्हणजे थोरली बहीण, आणि थोरल्या बहिणीला नाही म्हणायची सोय तिथेही नाही.

मंडळाची कार्यपद्धती नमुनेदार आहे. प्रत्येकीने उभे राहून आठवड्यात किती फेडले, काय खाल्ले आणि कशाशिवाय भागवले ते सांगायचे. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. मासळीऐवजी कुंपणावरचा शेवग्याचा पाला केला असेल तर टाळ्या. पाल्यात तेलही घातले नसेल तर उभे राहून टाळ्या. मग पाळीपाळीने अल्पोपाहार. पहिल्या वर्षी उकडलेली केळी असत. पुढे एकीने कसाव्हाचा केक आणला, आणि केकनंतर केळी आणणारी बाई अजून जन्माला यायची आहे. खजिनदाराच्या वहीप्रमाणे सभासदांची आठवड्याची सरासरी बचत बहात्तर पेसो आणि अल्पोपाहाराचा सरासरी खर्च पंचाहत्तर. वरचे तीन पेसो ‘मानसिक आधार’ या सदरात टाकले जातात.

आधार खोटा नाही, हेही नोंदवले पाहिजे. वसुलीवाल्याची मोटरसायकल चर्चच्या कोपऱ्यावर दिसली की पहिल्या घरातून दुसऱ्या घरी फोन जातो आणि चार मिनिटांत चौदा दारे बंद होतात. कोणी आजारी पडली तर तिच्या घरी भात पोचतो, तोही न मागता. अडचण कर्ज असेपर्यंत नसतेच. ती कर्ज फिटल्यावर सुरू होते.

सान तेल्मोत चांगली बातमी ज्याची, जेवण त्याचे. याला ब्लोआउट म्हणतात. पेढ्यांवर भागत नाही. नोकरी लागली, ब्लोआउट. पोरगी पास झाली, ब्लोआउट. अपघातातून वाचला, तर प्लास्टर ओले असतानाच ब्लोआउट. मग कर्जमुक्तीसारखी बातमी कोरडी कशी जाणार? पान्सितच्या शेवया (लांब, म्हणजे आयुष्य लांब), तळलेली कोंबडी, लुम्पियाच्या सुरळ्या, आइस्क्रीमचा मोठा डबा, आणि चौदा बायकांबरोबर त्यांच्या घरची माणसे, कारण त्यांनीही सोसलेले असते. खर्च माफक अंदाजाने साडेचार हजार पेसो. नुकत्याच कर्जातून सुटलेल्या बाईकडे एवढे पैसे असण्याचे कारण नाही. ती ते व्याजाने काढते.

तीन वर्षांची आकडेवारी अशी. मुक्त झालेल्या सभासद सहा. परत आलेल्या सहा. मुक्तीचा सरासरी काळ एकोणीस दिवस. सर्वाधिक एक्केचाळीस, ग्लोरीफेचा (त्यातले बावीस दिवस ती अपेंडिक्ससाठी इस्पितळात होती, जेवण घरी आल्यावर झाले). ‘मंडळाने आजवर एकही सभासद गमावलेली नाही,’ असे वार्षिक अहवालात अभिमानाने म्हटले आहे.

मध्यंतरी एकीने आपली मुक्ती लपवून पाहिली. तेव्हापासून नियम अकरा आहे: ‘सभासद ऋणमुक्त झाल्याचे ठाऊक असूनही जी व्यक्ती ते मंडळाला कळवणार नाही, तिने, ती सभासद असो वा नसो, जेवणाचा निम्मा खर्च सोसावा.’ हा नियम मंजूर होताना सर्वांत जोरात टाळ्या सलुदने वाजवल्या होत्या.

सलुद शाळेचे गणवेश शिवते. मार्चमध्ये तिच्या नवऱ्याच्या, कार्डिंगच्या, तीनचाकीचे इंजिन बसले. तिने शिलाई मशीन चार हजाराला गहाण टाकले आणि कमी पडले म्हणून बुंबायकडून पाच हजार घेतले.

बुंबाय म्हणजे पाचाचे सहा करणारा फिरता सावकार. रोज शंभर, साठ दिवस. हा शब्द मुंबईवरूनच पडलेला आहे. सान तेल्मोचा बुंबाय गुरनाम मात्र जालंधरकडचा. मुंबई त्याने एकदा विमानातून पाहिली असती, पण खिडकीची जागा दुसऱ्याची होती. ‘जेव, नाहीतर बुंबाय पिशवीत घालून नेईल,’ असे आया पोरांना सांगतात. गुरनामच्या पिशवीत मच्छरदाण्या असतात. त्याही हप्त्याने.

मशीन सोडवायची मुदत होती एकतीस मे, शनिवार, संध्याकाळी पाच. व्याजासह चार हजार सहाशे वीस. पाचला गहाणाच्या दुकानाचे शटर पडले की मशीन लिलावात. जूनमध्ये शाळा उघडणार होती आणि बावीस गणवेशांचे कापड सलुदच्या पलंगाखाली होते. मशीन नाही तर गणवेश नाहीत, आणि गणवेश नाहीत तर पुढे तांदूळ नाही. हिशेब इतका सरळ होता की तो मंडळात मांडण्याजोगा नव्हता.

दहा मे रोजी सकाळी सात वाजता गुरनामने तिच्या कार्डावर साठावी फुली मारली.

“फिटलं, आते सलुद! अभिनंदन!”

“हळू बोल रे! माझा गळा कापतोस का?”

“मग जेवण कधी?”

“तू पण?”

“सगळे विचारतात, म्हणून विचारलं.”

“हे बघ, उद्या सातला परत ये.”

“नवं कर्ज?”

“कर्ज नको. नुसता ये. हॉर्न वाजव, चार शब्द खेकस, जा. एकतीसपर्यंत.”

गुरनामने हेल्मेट काढले. एकवीस वर्षांच्या धंद्यात ‘येऊ नको’ म्हणून त्याच्या पाया पडलेले लोक त्याने पाहिले होते. ‘ये’ म्हणणारे हे पहिलेच गिऱ्हाईक.

“पेट्रोलचं काय?”

“कॉफी देईन.”

“साखर?”

“अर्धा चमचा.”

“खेकसायचं असेल तर पूर्ण चमचा लागेल. आणि माझ्या पोरीचे दोन स्कर्ट. चुण्या नीट पाड, गेल्या वर्षीच्या एका बाजूला पळाल्या होत्या.”

ठरले. कार्डिंगला यातले काही सांगितले नाही. कार्डिंगला सांगणे म्हणजे तिठ्यावरच्या चाळीस तीनचाकींना सांगणे.

पहिल्या दिवशी गुरनाम इतक्या मऊ आवाजात ओरडला की शेजारणीला वाटले, तो तब्येतीची चौकशी करतोय. सलुदने त्याला आत घेऊन शिकवले. (“पोटातून ओरड. मी तुझ्या मुलीचं कापड कापताना चुकले असं समज.”) दुसऱ्या दिवसापासून सुधारणा झाली. ती त्याला वर्तमानपत्राच्या घड्या भरलेले पाकीट देई आणि तो ते दारातच उघडून ‘नुसता कागद!’ म्हणून खेकसे. दुसऱ्या सकाळी तो ते रिकाम्या कपाखाली परत ठेवी.

सतरा तारखेच्या सभेत सलुद उभी राहिली.

“या आठवड्यात काहीच फेडता आलं नाही.”

टाळ्या.

“खाल्लं काय?” आते बेनिग्नांनी विचारले.

“शेवग्याचा पाला. बिनतेलाचा. सात दिवस.” हे खरे होते. तेलाचे पैसे तांदळाच्या डब्यात मशीनसाठी पडत होते.

सगळ्या उभ्या राहिल्या. “आणि तो मेला रोज दारात,” ग्लोरीफे डोळे पुसत म्हणाली. “काल तर तुझ्या आईचं नाव काढलं त्यानं! मी ऐकलं.”

“काढलं,” सलुद म्हणाली. आईचे नाव गुरनामने स्वतःच्या बुद्धीने घातले होते.

त्या दिवशी ग्लोरीफेने तिच्या हातात तांदळाची पुडी ठेवली. पुडी लहान होती आणि ती कुठून वाचवली असेल हे सलुदला नेमके माहीत होते. तो भात घशाखाली उतरायला वेळ लागला. पण उतरला. अन्न वाया घालवणे नियम चारच्या विरुद्ध आहे.

पुढच्या आठवड्यात आते बेनिग्ना स्वतः घरी आल्या. एकतीस मे रोजी मंडळाचा तिसरा वर्धापनदिन होता आणि ‘वर्षाची धीरोदात्त कर्जदार’ हा मानाचा पट्टा एकमताने सलुदला जाहीर झाला होता.

“मी काय केलं, आते?”

“सोसलंस. तेवढंच लागतं.” आते खुर्चीत टेकल्या. “आता पट्टा म्हणजे चांगली बातमी. तेव्हा जेवणाचं तू बघ.”

“आते, माझ्याकडे जेवणाचे पैसे असते तर मी धीरोदात्त कशाला झाले असते?”

“म्हणूनच म्हणते. काढशील कुठून तरी. धीराची आहेस तू.”

आतेंच्या युक्तिवादात खोट काढणे शाळेच्या पस्तीस वर्षांत एकाही पालकाला जमले नव्हते.

डब्यात शेवटचे वीस पेसो पडले ते तीस तारखेला, गहाणाचे दुकान बंद झाल्यावर. दुसऱ्या दिवशी नऊला दुकान उघडताच जायचे, असे सलुदने ठरवले. आठलाच ग्लोरीफे तिचे केस कुरळे करायला येऊन बसली. केसांनंतर रंगरंगोटी, रंगरंगोटीनंतर मंडळाचा आंबापिवळा टी-शर्ट (एकशे ऐंशी पेसो, तीन हप्ते), टी-शर्टनंतर फोटो. सत्कारमूर्तीला एकटी सोडायची नाही, हा आधाराचा पायाच आहे. सलुदने नोटा आणि मशीनची पिवळी गहाणपावती एकत्र घडी करून छातीशी खोचली आणि ती पत्र्याखाली जाऊन बसली.

तीनचा कार्यक्रम चारला सुरू झाला. प्रमुख पाहुणे गुरनाम होते. बॅनर आणि दोन पंखे त्यांच्या सौजन्याने होते, त्यामुळे बॅनरवरचा त्यांचा फोटो सभासदांच्या फोटोंहून थोडा मोठा होता.

चार वाजून बावीस मिनिटांनी आते बेनिग्नांनी सलुदच्या खांद्यावरून पट्टा घातला. “आणि आता,” त्या माइकमध्ये म्हणाल्या, “आपली सलुद आपल्याला जेवण देणार!”

ग्लोरीफे पट्टा सारखा करायला पुढे आली आणि थबकली. “अगं, इथं काय कुरकुरतंय? नोटा?”

माइक चालू होता. तेरा चेहरे उजळले. मागे बसलेल्या घरच्या माणसांचेही उजळले.

सलुदने खांबावरच्या घड्याळाकडे पाहिले. मग पहिल्या रांगेकडे.

गुरनाम उठला. त्याने आतेंच्या हातून माइक घेतला आणि पोटातून ओरडला.

“हे पैसे कुणाचे? एकवीस दिवस मला कागद दाखवतेस आणि इथं कोंबड्या खाऊ घालतेस? आधी माझं दे! काढ!”

सान तेल्मोत ब्लोआउट तीनच कारणांनी पुढे ढकलता येतो: वादळ, मयत आणि बुंबाय. सलुद रडू लागली. रडणे ठरलेले नव्हते, पण आलेले होते. तिने नोटांची घडी काढून त्याच्या हातात दिली. गुरनामने घडीतला पिवळा कागद पाहिला, घड्याळ पाहिले, आणि माइक आतेंच्या हातात देऊन मोटरसायकलला किक मारली.

“तुला मरताना पाणी मिळणार नाही!” ग्लोरीफे त्याच्यामागे ओरडली. (प्रमुख पाहुण्यांचा अल्पोपाहार मात्र झाकून ठेवण्यात आला.)

त्यानंतर जे घडले त्याला मंडळाच्या इतिहासात तोड नाही. प्रत्येकीने आपल्या पाकिटातून वीस-वीस पेसो काढले. पान्सित आले, कोंबडी आली नाही, सगळे पोटभर जेवले आणि कोणालाही कर्ज काढावे लागले नाही. असा प्रकार पूर्वी कधी झालेला नसल्यामुळे हे जेवण जेवण म्हणून धरू नये, असा ठराव झाला.

साडेपाचला गुरनाम परत आला. मागच्या सीटवर दोरीने बांधलेले शिलाई मशीन होते.

“हे घे! काम कर आणि फेड!” तो ओरडला. मग जरा थांबून, सवयीने, “रोज शंभर!”

“बघा,” आते बेनिग्ना कळवळून म्हणाल्या, “मशीनसुद्धा त्याच्याच कर्जाचं.” चिटणिसांनी नोंदवले: ‘सलुद. थकबाकी वाढली. मंडळ पाठीशी.’

बावीस गणवेश वेळेत झाले. दोन स्कर्टही झाले, चुण्या सरळ. गुरनाम अजून सकाळी सातला येतो, ओरडतो आणि पूर्ण चमच्याची कॉफी पिऊन जातो. सलुद दर शनिवारी उभी राहून काहीच फेडता आले नाही असे सांगते आणि टाळ्या घेते. दर शनिवारी येताना ती ग्लोरीफेसाठी तांदळाची पुडी आणते, पहिल्या पुडीपेक्षा थोडी मोठी.

ती ऋणमुक्त आहे हे फक्त तिघांना ठाऊक आहे. एक ती स्वतः. दुसरा गुरनाम, पण बुंबायकडून वसुली कशी करायची, हे मंडळाला अजून उमगलेले नाही. तिसरे तुम्ही. तुम्ही हे सगळे वाचलेत आणि मंडळाला काही कळवले नाहीत. नियम अकराप्रमाणे तुमच्याकडे दोन हजार दोनशे पन्नास पेसो निघतात.

एकदम जमत नसतील तर घाबरू नका, गुरनाम हप्ते बांधून देईल. एकट्याने सोसायचेही कारण नाही. शनिवारी तीन वाजता पत्र्याखाली पंधरावी खुर्ची मांडलेली असेल. फक्त येताना उकडलेली केळी आणू नका.