शनिवारी बसवलेली खिडकी

दमयंतीबाईंचं म्हणणं असं, की खिडकी बसवायला अक्कल लागते आणि झेंडीगेटच्या अख्ख्या गल्लीत ती एकाच घरी आहे. त्रेचाळीस सालच्या वैशाखात त्यांनी माडीवरच्या जुन्या फळ्या काढवल्या आणि कॅम्पातल्या मोडलेल्या बंगल्याच्या काचेच्या झडपा आणवल्या. सत्तार मिस्त्रीनं भल्या सकाळी त्या पितळी बिजागऱ्यांवर चढवल्या.

"काकू, लोखंडी आकडा तेवढा घेऊन येतो. वाऱ्यानं झडपा आपटतील."

"आज वार कोणता?"

"शनिवार."

"मग? शनिवारी नवं लोखंड घरात येत नाही. उद्या आण. काच काही पळून जात नाही."

काच पळाली नाही, नाचली. समोर किल्ला. आत बडे पुढारी डांबलेले, तटावर बंदुका घेतलेले पहारेकरी. उगवतीचं ऊन, वाऱ्याची झुळूक, आणि काच लागली किल्ल्याकडे लखलखायला.

थोड्या वेळात आसाराम हवालदार धापा टाकत माडीवर.

"किल्ल्याकडं आरशानं इशारे कोन करतंय?"

दमयंतीबाईंनी हातातलं ताक खाली ठेवलं. त्यांचा सुमंत कलेक्टर कचेरीत कारकून. असल्या घरचा कारकून सरकार ठेवील? नोकरी राहू दे, पोरगा तरी घरी राहील?

"इशारे कसले मेले? वारा आहे तो."

"कुटं हाय वारा?"

खरंच, वारा पडला होता. इतका वेळ धिंगाणा घालणारी काच आता पूजेला बसल्यासारखी गप्प.

"येईल आता. बसा."

दोघं वाऱ्याची वाट बघत बसली. घामाची धार बाईंच्या पाठीत उतरली. शेवटी त्यांना धीर धरवेना. "ही बघा, अशी हलत होती," म्हणत त्यांनी झडप ढकलली, ओढली, पुन्हा ढकलली.

तटावरून शिट्टी वाजली. मग दुसरी.

आसाराम खिडकीखाली उंदरासारखा दडून बसला. "मावशी, काय केलंत हे? आता त्यास्नी वाटंल, पोलिसच इशारे देतोय."

आवाज ऐकून सुमंत आला. "काय झालं, आई?"

"तू आत जा. तू घरात नाहीस."

"मी तर इथं उभा आहे."

"उभा राहू नकोस."

आसारामनं कमरेची बेडी काढली. सुमंतचा चेहरा पिठासारखा झाला. त्यानं डोळे मिटून दोन्ही हात पुढं केले. दमयंतीबाईंनी भिंत धरली.

"तुमी सरका वो," आसाराम म्हणाला. त्यानं खिडकी ओढून घेतली आणि दोन्ही झडपांच्या मुठींना मिळून बेडी ठोकली.

बाईंनी त्या लोखंडाला हात जोडले.

"किल्ली?"

"ठाण्यात ऱ्हाईल. सायेब सवता येऊन बघत्याल, मग उघडायची."

"साहेब कधी येणार?"

"ते लांब रजेवर गेल्यात."

उन्हाळाभर त्या घरात वारा आला तो दारानंच. आणि दार वाजलं की दमयंतीबाई आतून विचारायच्या, "कोण आहे? पोलिस नाही ना?"