'फ'ची शेपटी

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलं की गोष्ट अर्धीच पोचते. आज एका सूनबाईची आणि तिच्या सासऱ्यांची गोष्ट सांगायची आहे. हसायला मोकळीक आहे, फक्त शेवटी एक मागणं आहे, तेवढं ऐकल्याशिवाय उठू नका.

सूनबाई इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची अ‍ॅडमिन. तिची ऐट अशी, की "माझ्या ग्रुपवर कुणाचा आवाज चढत नाही." आणि ते खरंच होतं, तिने मामंजींना ग्रुपवर घेईपर्यंत.

मामंजींचा उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. निवृत्त झाले आणि खिडकीपाशी बसले ते बसलेच. पुढ्यातला चहा थंड व्हायचा, त्यावर साय धरायची, यांची नजर बाहेरच. सूनबाईच्या जिवाला घोर लागला. म्हणून तिने त्यांना फोन शिकवला, ग्रुपवर घेतलं, आणि देवच पावला म्हणायचं. माणूस ताठ बसला, चष्मा पुसू लागला, चहा गरम पिऊ लागला.

पण इमारतीची झोप उडाली. कुणी लिहावं, "गाडि हलवा." खाली मामंजी हजर: "डी दीर्घ." गाडी जागच्या जागी. कुणी लिहावं, "लिफ्टची दूरूस्ती चालू." खाली मामंजी: "दुरुस्ती. दोन्ही उकार ऱ्हस्व." लोकांनी त्यांचं नावच पाडलं, वेलांटीकाका.

कळस झाला तो इमारतीतल्या जिममास्तरांचे मामा वारले तेव्हा. मास्तरांनी मामांचा फोटो टाकून लिहिलं, "भावपुर्ण आदरांजली." खाली मामंजी: "पू दीर्घ."

जिममास्तर दारात आले. दार भरून गेलं.

"वहिनी, एक तर काका राहतील, नाहीतर आम्ही."

"अहो, त्यांच्या मनात काही नसतं."

"मामा गेले माझे, आणि हे 'पू' काढतात?"

आता करायचं काय? मामंजींना काढावं तर ते पुन्हा खिडकीपाशी. न काढावं तर ग्रुप ओस. सूनबाईने शक्कल लढवली. गुपचूप नवा ग्रुप काढला, सगळ्यांना तिकडे नेलं आणि जुन्यात मामंजींना राहू दिलं. त्यांची उपासमार नको म्हणून तीच जुन्या ग्रुपवर अधूनमधून लिही, "आज हवा छाण आहे." की मामंजी खूश: "छान. न नळातला." सूनबाई स्वयंपाकघरात गालातल्या गालात हसे. कशी मर्जी राखली दोन्ही बाजूंची!

आणि मग आला टाकी धुण्याचा दिवस. इमारतीतलेच एक नळवाले सकाळीच गच्चीवर चढले, टाकी घासून पुसून लख्ख केली आणि जाता जाता नव्या ग्रुपवर लिहून गेले, "टाकी साप आहे. पाणी सोडले आहे."

जुना ग्रुप असता तर मामंजींनी तिथल्या तिथे निकाल लावला असता. इथे तपासणारं कुणी नाही म्हटल्यावर सगळेच तपासनीस झाले. औषधांच्या दुकानवाल्या मावशींनी लिहिलं, "टाकी'त' म्हणायचंय बहुतेक. त राहिला." झालं. टाकीत साप!

जिने धडधडू लागले. कुणी डोक्याला साबण तसाच घेऊन खाली, कुणी मांजर बगलेत मारून. सापाला कायम पायात घुटमळायला आवडतं अशा समजुतीने जिममास्तर रस्त्यावरच्या मोटारीच्या टपावर चढले. तेवढ्यात पाना विसरला म्हणून नळवाले परत आले.

"काय झालं हो मावशी?"

"टाकीत साप निघालाय."

नळवाले मटकन पायरीवर बसले. "अरे देवा. मी आत्ता आत उतरून आलो की."

ज्याने बातमी दिली तोच घाबरला म्हटल्यावर कुणाला शंका उरणार? सूनबाई सगळ्यांना धीर देत होती, आणि एकदम तिला आठवण झाली. मामंजी! ते या ग्रुपवर नाहीत. आणि ही त्यांच्या आंघोळीची वेळ.

ती धावत वर सुटली. लाजेकाजेने मास्तर, मावशी, नळवाले तिच्यामागे. दार उघडून पाहते तर मामंजी पंचाने डोकं पुसत उभे.

"मामंजी, नळाला हात लावू नका, टाकीत साप आहे."

"कोण म्हणतं?"

तिने भाबडेपणाने फोन पुढे केला. मामंजींनी चष्मा लावला, वाचलं, मान डोलावली.

"साप नाही गं. साफ. 'फ'ची शेपटी राहिली. शेपटी तुटून साप मेलेला ऐकलाय, जन्मलेला आज पाहिला."

नळवाले कपाळावर हात मारून हसू लागले. "माझंच हो काका. साफच म्हणायचं होतं."

सगळे हसले. मामंजी मात्र अजून फोनकडेच बघत होते.

"या ग्रुपवर मी दिसत नाही कुठे."

सूनबाईने फोन परत घ्यायला हात पुढे केला.

"तुझं 'छाण' मुद्दाम आहे, हे कळलं होतं मला," ते हळूच म्हणाले. "सहज चुकलेलं वेगळं दिसतं. वाटलं, माझ्यासाठी चुकतेय पोर, चुकू दे. पण बाकीचे इकडे आहेत, हे नव्हतं कळलं."

सूनबाईचे डोळे भरले. मामंजी मास्तरांकडे वळले.

"मास्तर, त्या दिवशी मी नुसता 'पू' पाहिला. तुमचे मामा पाहिलेच नाहीत. चुकलं माझं."

जिममास्तरांनी एवढाले खांदे पाडले. "वहिनी, काकांना आत घ्या बघू. आत्ताच्या आत्ता. नाहीतर उद्या मगर निघेल."

सूनबाईने लगेच त्यांना आत घेतलं. मामंजींनी खुर्चीवर बसून सावकाश टाइप केलं, "सर्वांचा मनापासून अभारी आहे."

मग मास्तरांचा संदेश: "काका, 'अ'ला काना." मागोमाग मावशी: "आभारी." मग नळवाले, मग अख्खी इमारत, आनंदाने तुटून पडली.

"बघ," मामंजी सूनबाईला म्हणाले, "नीट वाचायला लागले की." आणि वाफाळता चहा ओढून घेतला. ती चूक सहजची होती की मुद्दामची, हे काही तिला आजवर ओळखता आलेलं नाही.

तर मंडळी, मागणं एवढंच. कधी 'प'ला शेपटी जोडून 'फ' कराल, तेव्हा त्या वेलांटीकाकांची आठवण काढा. आणि जमलं तर सूनबाईचीही. बिचारीला सवयच लागली हो, परवा ऑफिसातल्या साहेबांनाही लिहून बसली, "आपली सूचना फार छाण आहे."