उवा आधी कोणी वेचायच्या?

एका जंगलात, मुलांनो, चिंपांझींची एक टोळी होती. टोळी सुसंस्कृत होती. म्हणजे कोण मोठा नि कोण लहान, हे तिथे सगळ्यांना पाठ होतं.

नियम साधा होता. जो दुसऱ्याच्या अंगावरच्या उवा आधी वेचायला लागेल, तो लहान. ज्याच्या वेचल्या जातील, तो मोठा.

बलभीम आणि सुदाम हे त्या टोळीतले सख्खे भाऊ. लहानपणी दिवसभर एकमेकांच्या उवा वेचत बसायचे. आधी कोणी सुरुवात केली, हे त्यांच्या आईलाही सांगता आलं नसतं.

पुढे टोळीचा म्हातारा नायक वारला. उंबराची सगळ्यांत जाड फांदी रिकामी झाली. त्या दिवसापासून हे दोघे उंबराच्या दोन बाजूंना बसू लागले, हात मांडीवर ठेवून.

हसू नका. दिवाळीला आधी फोन कोणी करायचा, हे घरी बाबांना आणि काकांना विचारून बघा.

एकदा फांद्या आपटून जोर दाखवताना बलभीमच्या पाठीत काटा घुसला. त्याचा हात तिथवर पोचेना. त्याच्याभोवती चाहते होते, पण ते म्हणाले, "दादा, काटा कसला? काढला तर लागला होता असं होईल." आणि त्यांनी जखमेवरचे केस नीट बसवले.

जखम चिघळली. आईची नजर अधू झालेली. ती सुदामकडे गेली.

"जा रे, तुझी बोटं बारीक आहेत. काढ तेवढा."

"आई, मी हात लावला तर मी लहान ठरेन."

"तू लहानच आहेस."

"म्हणून तर!"

मग ती बलभीमकडे गेली. "एक हाक मार त्याला. धावत येईल."

"न बोलावता यावं. मी थोरला आहे."

"अरे, अंग भाजतंय तुझं."

"भाजू दे. त्याला सांगू नकोस."

तिने अर्थातच सांगितलं. सुदाम उठलाही. पण वाटेत त्याचा सल्लागार काकड्या भेटला.

"निघालात? जरूर जा. फक्त उद्या जा. आज गेलात तर गरज आपल्याला आहे, असं दिसेल."

सुदामला ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

सकाळी बलभीम उठला नाही.

सुदाम त्याच्याजवळ जाऊन बसला. त्याने काटा काढला. मग तो उवा वेचू लागला. मानेपासून खाली, सावकाश. सगळी टोळी बघत राहिली.

आई म्हणाली, "पुरे आता, बाळा."

तो थांबला नाही.

काकड्या घाबरला. इतक्या लोकांसमोर हे बरं दिसत नव्हतं. मग त्याने घसा खाकरला. "मेलेल्याच्या उवा वेचल्याने लहानपण येत नाही! आपले नवे नायक सुदामराव यांचा विजय असो!"

टोळीने जयजयकार केला. जाड फांदी झाडून ठेवण्यात आली.

सुदाम वेचतच होता. उवा केव्हाच संपल्या होत्या.

तात्पर्य: भावाशी अबोला धरलाच, तर तो शेवटपर्यंत टिकवावा. मध्येच सोडणाऱ्याला गादी मिळत नाही. नुसता भाऊ मिळतो.