शिट्टीचा कीबोर्ड

"रविवारी संध्याकाळपर्यंत हे यंत्र नव्या प्रणालीवर चाललं नाही, तर नाव बदलीन," असं आप्पांनी गुरुवारी सकाळी जाहीर केलं. सूनबाई इस्त्री करत होती, तीही जमिनीवर बसून, कारण इस्त्रीचं टेबल त्या जुन्या संगणकाखाली होतं.

"नाव राहू द्या, आप्पा. टेबल तेवढं सोडा."

आप्पांना राग आला. तसा तो त्यांना हल्ली उठल्या उठल्याच यायचा, पण या वेळी कारण सबळ होतं. ज्या ऑफिसात त्यांनी एकतीस वर्षं संगणक विभाग सांभाळला, त्या ऑफिसचं पत्र आलं होतं. पुढच्या शुक्रवारी ऑफिसला पन्नास वर्षं होतात, तर लिलावात तुम्ही घेतलेला जुना संगणक एक दिवस द्यावा, तो दर्शनी हॉलमध्ये चालू करून त्यातल्या जुन्या फायली सर्वांना पडद्यावर दाखवू. वर लिहिलं होतं, जुन्या सहकाऱ्यांना फार आनंद होईल.

आनंद कसला डोंबलाचा! त्या फायलींत एक अर्ज होता. निनावी, अर्ध्या पानाचा, अकरा वर्षांपूर्वी साहेबांना लिहिलेला. खिडकीजवळ बसणारे गृहस्थ दिवसभर शिट्टीवर गाणी वाजवतात, त्यामुळे इतरांच्या कामात चुका होतात, तरी त्यांची जागा बदलावी. जागा बदलली. शिट्टी (त्या गृहस्थांना अख्खं ऑफिस याच नावाने ओळखायचं) जिन्याखालच्या कोंदट खोलीत गेला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. खिडकी कोणाला मिळाली, हे सांगायला नको. शिट्टीने त्या दिवसापासून आप्पांशी बोलणं टाकलं, आणि कसलाही पुरावा नसताना आपल्यावर संशय घेतला म्हणून चिडून आप्पांनीही टाकलं.

अर्ज नुसता पुसून भागणार नव्हतं. पुसलेलं पुन्हा शोधून काढता येतं हे आप्पांना पक्कं ठाऊक होतं, कारण नोकरीत असताना इतरांचं पुसलेलं तेच शोधून काढायचे. सगळी डिस्क साफ करून तिच्यावर नवी प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बसवायची, हाच एक मार्ग होता. घरात मात्र त्यांनी सांगितलं की यंत्राला नवं आयुष्य देतोय.

साध्या संगणकावर हे काम तासाभराचं. पण हे यंत्र साधं नव्हतं. ज्या कंपनीने ते बनवलं ती यंत्राच्या आधीच निवृत्त झाली होती. त्याच्या आज्ञा निराळ्या, वायरी निराळ्या, स्क्रूसुद्धा निराळे. नेटवर धुंडाळताना युनिक्सच्या घराण्यातली एक प्रणाली सापडली, जिची आवृत्ती कोणी एक चिवट माणूस या यंत्रासाठी अजूनही काढत होता. आप्पांना तो सख्ख्या भावासारखा वाटला.

गुरुवारी यंत्राने पहिली सीडी नाकारली. शुक्रवारी दुसरी घेतली, पण घड्याळाची बॅटरी मेल्यामुळे साल १९७० असल्याचं ठरवून बसलं. शनिवारी, चाळीस मिनिटं घरघरून, पडद्यावर प्रश्न आला: या डिस्कवरचं सगळं कायमचं पुसलं जाईल, नक्की का? 'यस' असं पूर्ण लिहा.

आप्पांनी 'वाय' दाबला. काही उमटलं नाही. पुन्हा दाबला, मग बुक्की मारली. शेवटी वैतागून एंटर दाबलं, तर यंत्राने त्याचा अर्थ 'नाही' असा घेतला, काहीही पुसलेलं नाही असं नम्रपणे कळवलं आणि पहिल्यापासून घरघरायला लागलं.

"अख्ख्या कीबोर्डात नेमकं हेच बटण मरावं?" आप्पा कडाडले. त्यांनी शेजारच्या बटणाची टोपी उपटून त्यावर 'वाय'ची बसवली.

"टोपी बदलून काय होणार?" सूनबाई म्हणाली. "डोकं तेच ना खाली."

हे आपल्याला उद्देशून होतं की कीबोर्डाला, हे आप्पांना कळलं नाही, म्हणून ते दोन्ही बाजूंनी चिडले. मुलाने ऑफिसातून तीन कीबोर्ड आणले, पण या यंत्राच्या गोल भोकात एकाचीही पिन बसेना. बसणारा कीबोर्ड गावात एकच होता. लिलावात आप्पांनी संगणक घेतला, म्हणून शिट्टीने त्याचा चांगला कीबोर्ड तेवढा घेतला होता. त्याला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. आप्पांना तो मिळू नये, एवढाच उपयोग होता.

रविवारी दुपारी आप्पा शिट्टीच्या दारात उभे राहिले.

"कीबोर्ड पाहिजे."

"अकरा वर्षांनी उगवलास, आणि 'कीबोर्ड पाहिजे'?"

"एकच बटण पाहिजे. तेही एकदाच."

"कीबोर्ड एकटा कुठे जात नाही," शिट्टी म्हणाला. "मी येतो. आणि दाबणार मी."

इस्त्रीच्या टेबलापाशी दोघं बसले. शिट्टीने चष्मा लावून प्रश्न वाचला, मग पुन्हा वाचला.

"सगळं पुसणार? आधी एकदा काय काय आहे ते बघायचं नाही?"

"त्यात काय बघायचंय? जुना कचरा सगळा."

"आणि परत नाही ना निघणार? तू काढायचास लोकांचं."

"मलाच काय, कोणालाच काढता येणार नाही," आप्पा ठासून म्हणाले. "झालं समाधान? दाब आता."

शिट्टीने तीन बटणं दाबली आणि एंटर मारलं. डिस्क खडखडली. दीड तासाने यंत्राने शहाण्यासारखं नाव आणि पासवर्ड विचारला. आप्पांना एकदम हलकं वाटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी शिट्टीसाठी चहा टाकायला सांगितला.

"आता बोलायला हरकत नाही," चहा पिता पिता शिट्टी म्हणाला. "ते शुक्रवारचं पत्र मलाही आलं. चार दिवस डोळ्याला डोळा नव्हता बघ. त्या डिस्कवर माझा एक अर्ज होता. निनावी."

"कोणाबद्दल?"

"तुझ्याबद्दल. दोन पानी."

आप्पा ताडकन उठले. "दोन पानं? माझ्याबद्दल? अरे, मी तुझ्याबद्दल अर्ध्या पानात..."

"ठाऊक आहे. त्याच आठवड्यात याच यंत्रावर वाचला होता मी. वाचूनच माझा लिहायला घेतला."

"दोन पानं भरायला मी केलं तरी काय होतं? काय लिहिलं होतंस?"

"आता कसं सांगू? पुसलं ना तूच." शिट्टीने पिन उपटली, कीबोर्ड काखोटीला मारला आणि शीळ वाजवत जिना उतरला.

सोमवारी सकाळी आप्पांनी त्या चिवट माणसाच्या संग्रहातून पुसलेलं शोधून काढणारा प्रोग्रॅम मिळवला. नवी प्रणाली लहान आहे, डिस्क मोठी आहे, दोन पानं कुठल्यातरी कोपऱ्यात नक्की उरली असतील, असं त्यांनी सूनबाईला समजावलं.

"पण यंत्र चालू झालं ना? शुक्रवारी ऑफिसला न्यायचंय ना ते?" ती जमिनीवरून म्हणाली.

"ऑफिस गेलं खड्ड्यात. दोन पानं आहेत दोन!"

चाळीस मिनिटं घरघरून पडद्यावर सूचना आली: शोधायला नऊ दिवस लागतील. सुरू करायचं असल्यास 'यस' असं पूर्ण लिहा.

आप्पांनी चपला शोधायला सुरुवात केली.