सायकलवर एकच मावते

"उठा जावईबापू, तुम्ही सरपंचावर बसून राहिले!" असं म्हणून आमच्या मोठेबाबांनी माझ्या नवविवाहित बहिणीच्या नवऱ्याला हातातल्या चहासकट उठवलं होतं.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गोंदियाजवळच्या गोरेगावात त्यांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पोटी पोर नव्हतं. बैठकीत मात्र घडीच्या एकोणीस लोखंडी खुर्च्या होत्या, आणि प्रत्येकीच्या पाठीवर पिवळ्या ऑइलपेंटने एकेक नाव. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली की सगळे सोयरे आणि गावचे सरपंचही यायचे, त्यांच्यासाठी ही सोय. ज्याने त्याने आपल्याच नावावर टेकायचं. मी पाचवीत गेलो तेव्हा माझं नाव लागलं. महिनाभर वर्गात सांगत फिरलो.

पुढे माणसं यायची थांबली. काही वारली. बाकीची माझ्यासारखी, अर्ध्या तासावर गोंदियात राहून कामात असलेली. खुर्च्या तेवढ्या बारमाही मांडलेल्या. आत शिरायला अंग तिरपं करावं लागे.

"मोठेबाबा, वारलेल्यांच्या तरी काढा."

"मेला म्हणून का त्याची जागा द्याची? वर जाऊन तू सांगशीन का त्याले?"

मोबाइल घरोघरी आले त्या सुमाराची गोष्ट. माझ्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. माझं घर भाड्याचं, दोन खोल्यांचं, म्हणून मी त्यांची बैठक मागितली. "घे ना बावा," ते म्हणाले. त्या सकाळी ते बाजाराला गेले आणि मी भंगारवाला बोलावला. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी नेऊ दिल्या असत्या. पण मग मला त्यांच्या तोंडाकडे पाहावं लागलं असतं.

भंगारवाला नावं वाचून हसला. "साहब, पूरी पंचायत बेच रहे हो क्या?" मीही हसलो.

मोठेबाबा परतले. प्लास्टिकही न काढलेला नवा सोफा त्यांनी पाहिला. एकदा खाकरले. "आवाज घुमते आता," एवढंच म्हणाले, आणि भाजीची पिशवी मांडीशी घेऊन खाली फरशीवर बसले.

पाहुण्यांनी बैठकीचं फार कौतुक केलं. सोयरीक जमली नाही.

आठवड्याने गेलो, तर सोफ्याला खेटून एक खुर्ची. भंगारवाल्याकडून त्यांनी सायकलला बांधून आणलेली. मला वाटलं, मोठीआईची असेल. त्यांची बायको जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. खुर्ची वळवून पाहिली. पाठीवर माझं नाव होतं.

"मोठीआईची काऊन नाही आणली?"

"सायकलवर एकच मावते." खांद्यावरच्या दुपट्ट्याने ते खुर्चीची धूळ झटकत होते. "अन् ते आता कुठं येते? तू त येशीन मंडईले."

त्या वर्षी मंडईला मी गेलो नाही. ऑफिसात काम आहे, असं कळवलं. काम असं काही नव्हतं.