वाघाला दिलेले दात

उन्हाळ्याच्या सुट्टीत चार वर्षांचं पोर घरात कसं रमवायचं, हे मला कुणी शिकवू नये! सगळं होऊन गेल्यावरही मी हेच म्हणणार. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. मग मला मधे टोकू नका.

मी मुद्रितशोधक. पुस्तकं छापायला जाण्याआधी त्यांतल्या चुका शोधायच्या, हा माझा धंदा. घरी बसून करतो. बायको दातांच्या कवळ्या बनवते. मागची खोली म्हणजे तिची कार्यशाळा. आणि आमची ठकी दर सुट्टीत दोन महिने आजीकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे जाते. दोन महिने! घर खायला उठतं हो. मी टेबलाशी बसतो आणि एका ओळीवरून पुढे सरकत नाही. म्हणून यंदा ठणकावून सांगितलं, "ठकी कुठेही जाणार नाही. मी सांभाळतो!"

सासूबाई बॅग घेऊनच हजर झाल्या.

"जावईबापू, तुम्हाला दूध उतू जाताना दिसत नाही, पोर काय दिसणार? आज संध्याकाळपर्यंत इथेच बसते. सांभाळून दाखवा. घरात जरा जरी गोंधळ झाला, की तिला घेऊन निघालेच मी."

"मंजूर!" मी म्हणालो.

त्यांना काय माहीत, माझी तयारी परवाच झाली होती! मी सगळं वाचून काढलंय. लहान मुलांना ऋतूप्रमाणे हाताला काहीतरी लागलं पाहिजे. पावसाळ्यात चिखल, थंडीत कापूस, उन्हाळ्यात बर्फ! परवा मी आणि ठकीनं मोठं पातेलं घेतलं, त्यात प्लॅस्टिकचे प्राणी, लिंबाच्या चकत्या, पानं टाकली, वर पाणी ओतलं आणि फ्रीजचा वरचा कप्पा अख्खा रिकामा करून पातेलं आत कोंबलं. आज ठकीनं चमच्यानं कोमट पाणी घालत एकेका प्राण्याची सुटका करायची. आत काय टाकायचं ते मुलानं स्वतः निवडावं, असा नियम आहे. मी तो काटेकोर पाळला.

अकरा वाजता बर्फाचा तो धोंडा न्हाणीघरातल्या टबात विराजमान झाला. ठकी खूश! कासव सुटलं, जिराफाची मान सुटली. सासूबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, चूक सापडत नव्हती म्हणून पार हिरमुसल्या होत्या. मला तर शीळ घालावीशी वाटत होती.

इतक्यात बेल वाजली. दारात इथल्या शाळेचे मुख्याध्यापक! आज त्यांचा निरोपसमारंभ होता, दोन वाजता भाषण. त्यासाठीच नवी कवळी करायला टाकली होती. तोंडाचं अगदी बोळकं झालेलं. बायको कवळी आणायला मागे गेली. मी म्हटलं, घरबसल्या साक्षीदार आलाय, सोडतो की काय!

"सर, जरा आत या. तुम्ही शिक्षणातले जाणकार. आमच्या आईंना सांगा, हा खेळ कसा आहे?"

सर वाकले. "वा! उत्तम! मुलांना असंच..." आणि थांबले. आणखी वाकले. "हे आत कोण हसतंय?"

तेवढ्यात मागून बायकोची किंकाळी आली, "अरे, डबी रिकामी आहे! नुसतं पाणी आहे!"

सर माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाले, "हे माझे आहेत."

"बाबा," ठकीनं खुलासा केला, "वाघाला दात नव्हते ना, म्हणून मी दिले."

आता खरं सांगतो, मला कसली लाज? ते दात मी परवाच पातेल्यात पाहिले होते! नीट पाहिले होते! पण आमच्या घरात दात म्हणजे चमचे-वाट्या. खिडकीत दात, कपाटावर दात. बाद झालेल्या कवळ्यांनी ठकी भातुकली खेळते. तुमच्या घरात पातेल्यात दात दिसले तर तुम्ही ओरडाल. मी वर पाणी ओतलं.

"उकळतं पाणी आणतो," मी उठलो.

"खबरदार!" बायको ओरडली. "गरम पाण्यानं कवळी वाकडी होईल!"

"मग हातोडी?"

"हातोडी? अरे, तुकडे होतील! कोमट पाणी घाल, नाहीतर मीठ टाक. सावकाश!"

"सावकाश कसं? दीड तास राहिलाय!" सर म्हणाले.

सासूबाई उठल्या. चेहऱ्यावर काय तेज आलं होतं म्हणता! "झाला ना गोंधळ? ठकीचे कपडे भरते मी."

"भरा!" मीही तापलो. "पण आधी दात निघू द्या. पोरीनं दोन दिवस वाट पाहिलीय, खेळ अर्धवट सोडायचा नाही!"

आणि मी न्हाणीघरात फतकल मारली. सरांनी बाह्या सरसावल्या. ठकीनं त्यांना चमचा दिला आणि दम भरला, "जोरात नाही हं, वाघाला लागेल." तीस वर्षं शाळेला दम भरणारा माणूस "बरं" म्हणाला आणि चमच्यानं पाणी घालू लागला! पाच मिनिटांनी त्यांना घड्याळाचं भान नव्हतं. "हत्ती माझा!" असं ओरडले. मोठ्यानं.

"तुमची पद्धत चुकतेय," मागून आवाज आला. सासूबाई! हातात मिठाची बरणी. "कडेनं टाका. सरका, जावईबापू." बसल्या त्या खाली. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत गार पाण्यात. "हं..." त्या म्हणाल्या. एवढंच. पण मी ऐकलं!

पावणेदोनला कवळी सुटली. बायकोनं धुतली, उलटसुलट तपासली, सरांनी बसवली आणि "स्स्स्!" करून डोळे मिटले. मग पळाले. भाषण फर्मास झालं म्हणे.

मी सासूबाईंकडे वळलो. ठकीच्या कपड्यांनी बॅग भरून तयार होती. मी छाती काढून म्हणालो, "आई, ठकी राहणार. गोंधळ झाला, कबूल. पण पोर रडलं का? एकदा तरी?"

त्यांनी पदरानं हात पुसले. "नाही रडलं. राहू दे तिला."

जिंकलो! ऐकताय ना? मी जिंकलो! ठकी यंदा आजीकडे गेली नाही.

आजी इथे राहिली. दोन महिन्यांसाठी. माझ्या टेबलावर सध्या सहा पातेली आहेत आणि हे मी जिन्यात बसून लिहितोय.